सातव्या ओळीचा रंग

१

यादीत प्रेरणाचं नाव सातव्या ओळीत होतं, आणि ते कथ्थई रंगात होतं.

शुक्रवारी सकाळी अकरा वाजता प्राचार्या लीना मॅडमच्या टेबलावरच्या कॉम्प्युटरवर ते चौघांनी एकदम पाहिलं. एक स्वतः मॅडम. दुसरे हेडक्लार्क कृष्णकांत. तिसरा विद्यालयाची वेबसाइट बनवणारा कॉम्प्युटरचा मास्तर मिहिर. आणि चौथ्या, मुलीची चौकशी करत आलेल्या प्रेरणाच्या आई, नालवाडीच्या वच्छलाबाई. त्यांना इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण मॅडमच्या बोटाखालचा रंग दिसत होता.

वर्ध्याबाहेरच्या त्या लहानशा परिचर्या विद्यालयानं २००३ च्या जुलैत पहिल्यांदाच नर्सिंगच्या प्रवेशाची यादी इंटरनेटवर टाकली होती. अर्ज चाळीस, जागा वीस. हिरवट मेंदी रंगातलं नाव म्हणजे निवड झाली, कथ्थई म्हणजे नाही झाली. पानाच्या वरच्या बाजूला तसं लिहिलंच होतं.

कॉम्प्युटरच्या शेजारी कृष्णकांतांच्या अक्षरातलं ऑफिसचं रजिस्टर उघडं पडलं होतं. सातवी ओळ. प्रेरणा. शेरा : निवड.

"म्हंजे माह्या पोरीचा नंबर लागलता?" वच्छलाबाईंनी विचारलं.

"हो," लीना मॅडम म्हणाल्या. त्यांचा आवाज नेहमीसारखा नव्हता. "पण हजर व्हायची मुदत काल संध्याकाळी पाचपर्यंत होती. ती आली नाही, म्हणून जागा पुढच्या मुलीला दिली."

"ती येईन कशी मॅडम? मंगळवारपासून ती घरीच नाई. चिठ्ठी ठेवून गेली, मले शोधू नका म्हणून."

मिहिरनं रजिस्टरचं पान उलटून प्रतीक्षा यादीतलं पहिलं नाव वाचून दाखवलं. वेदश्री. कृष्णकांतांची मुलगी.

तिघांनी कृष्णकांतांकडे पाहिलं. ते खाली फरशीकडे पाहत होते.

२

वच्छलाबाई तिथून निघाल्या त्या थेट बाजारात देवकाबाईंच्या मॅचिंग सेंटरमध्ये आल्या. दुकानात येणाऱ्या साड्यांना फॉल लावून द्यायचं काम त्या बारा वर्षांपासून करत होत्या.

देवकाबाई अठ्ठावन्न वर्षांच्या. नवऱ्यामागे एकटीनं दुकान चालवणाऱ्या. साडी न आणता नुसतं "थोडा पिकलेल्या लिंबासारखा" असं सांगणाऱ्या बाईलाही त्या नेमका ब्लाउजपीस काढून देत. गिऱ्हाइकाचा चेहरा पाहून तिला खरं काय हवं आहे हेही त्यांना कळायचं, असं बाजारात म्हणत.

वच्छलाबाईंचं सगळं ऐकून त्यांनी हातातली कात्री खाली ठेवली.

"वच्छले, मंगळवारी दुपारी ती माह्याकडे आलती."

"कोण? प्रेरणा?"

"हाव. इथंच उभी होती. काकू, एक बोलायचं होतं म्हणे. मी एका बाईच्या सहा साड्यांच्या ब्लाउजले अस्तर जुळवून राह्यलतो. म्हटलं, थोड्या वेळानं ये. मान वर करून पाह्यलं बी नाई मी तिच्याकडे. तीन दिवस झाले, तुले सांगायची हिंमत नाई झाली मले."

वच्छलाबाई रडल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. हे देवकाबाईंना जास्त लागलं.

"गिरडला बहिणीकडे निरोप धाडलता," वच्छलाबाई म्हणाल्या. "रुख्मिणी म्हणते, इकडे आली नाई."

"पोरगी सापडीन. पण तिच्या नावाचा रंग कोणं बदलवला, हे मी पाह्यतो."

संध्याकाळी विद्यालयातून बातमी आली. कृष्णकांतांना सक्तीच्या रजेवर पाठवलं होतं. मंगळवारी कार्यकारिणीची बैठक होती आणि त्यांना काढून टाकायचं जवळजवळ ठरलंच होतं. कारण मिहिरनं लेखी दिलं होतं : सोमवारी यादी वेबसाइटवर टाकल्यावर चार वाजता आपण ती पूर्ण स्क्रीनवर तपासली, तेव्हा सातवी ओळ मेंदी रंगातच होती. सव्वाचारला कॉम्प्युटरच्या खोलीची किल्ली कृष्णकांतांकडे देऊन आपण घरी गेलो.

त्यानंतर खोलीत गेलेला माणूस एकच होता.

३

शनिवारी देवकाबाई विद्यालयात गेल्या. लीना मॅडम त्यांच्या जुन्या गिऱ्हाईक, त्यामुळे दार उघडंच होतं.

"माझंही चुकलंय, देवकाबाई," मॅडमनी स्वतःहूनच सुरुवात केली. "मिहिर म्हणत होता की प्रत्येक नावापुढे अक्षरात लिहू, निवड झाली किंवा नाही झाली. फार आग्रह धरला त्यानं. मीच नको म्हटलं. चाळीस वेळा तेच तेच, पान गिचमिड दिसतं. आणि ज्या मुलींना मिळालं नाही त्यांच्या नावापुढे ते शब्द कशाला? लाल रंगही मीच नको म्हटला. म्हटलं, सौम्य रंग घे, तेवढ्यानं कळेल."

"कागदावरची यादी नाई लावली बोर्डावर?"

"यंदा नाही. वेबसाइटचं कौतुक होतं सगळ्यांना."

कॉम्प्युटरच्या खोलीत मिहिर एकटाच बसला होता. तिशीतला, बारीक, दाढी वाढलेली. त्याच्या मागच्या भिंतीवर नागपूरहून रंगीत छापून आणलेला तक्ता होता. दोनशे सोळा चौकोन, प्रत्येकाचा रंग वेगळा. देवकाबाई त्याच्यासमोर थबकल्याच.

"हे तर माह्या शेडकार्डासारखं हाय बाप्पा!"

"तसंच आहे, काकू. हे रंग कुठल्याही कॉम्प्युटरवर बिघडत नाहीत, म्हणून वेबसाइटसाठी यातलेच घ्यायचे. प्रत्येकाला सहा आकडी नंबर. पहिले दोन आकडे लाल किती ते सांगतात, मधले दोन हिरवा किती, शेवटचे दोन निळा किती. आपण ६६९९०० लिहिलं की निवड झालेल्यांचा रंग येतो. ९९६६०० लिहिलं की दुसरा."

"एवढंच? दोन आकड्यांची अदलाबदल झाली की मेंदीचं कथ्थई?"

"हो," मिहिर म्हणाला आणि पाण्याची बाटली शोधू लागला.

देवकाबाई तक्त्याजवळ गेल्या. प्रत्येक चौकोनाखाली छापील नंबर होता आणि त्याच्याही खाली पेन्सिलीनं बारीक, गोलसर अक्षरात नाव : शेवाळी, गाजरी, आमसुली, मोरपंखी.

"नावं झ्याक लिहिली. तुहं अक्षर?"

"बायकोनं लिहिली."

"सोमवारी तू पाह्यलं तेव्हा सातवी ओळ कोणत्या रंगात होती?"

"६६९९००," मिहिर म्हणाला.

देवकाबाईंना यात काही वावगं वाटलं नाही. त्यासुद्धा दुकानात रंग नंबरानंच बोलायच्या.

कृष्णकांत घरी सापडले. दार त्यांनी स्वतः उघडलं. आतल्या खोलीत वेदश्री नवा पांढरा गणवेश इस्त्री करत होती. तिला काही सांगितलेलं दिसत नव्हतं.

"कृष्णकांतभाऊ, खरं सांगा. तुम्ही तो रंग बदलवला?"

"मी कॉम्प्युटरले हात लावला तो फक्त पान उघडायले. रंगाले नाई लावला. देवाशपथ."

"मंग बैठकीत तसं सांगा ना. काऊन गप्प बसता?"

कृष्णकांतांनी आतल्या गणवेशाकडे पाहिलं.

"काढून टाकू द्या मले," ते हळू म्हणाले. "माही लायकीच तेवढी हाय."

देवकाबाई रस्त्यावर आल्या. हा माणूस शपथेवर सांगत होता की गुन्हा केला नाही, आणि शिक्षा मात्र मागून घेत होता.

४

रुख्मिणीच्या निरोपावर देवकाबाईंचा विश्वास बसला नव्हता. रविवारी सकाळी त्यांनी एसटी पकडली, हिंगणघाटला बदलली आणि साडेदहाला गिरडला उतरल्या. टेकडीच्या पायथ्याशी रुख्मिणीचं फुटाणे-रेवड्यांचं दुकान होतं. देवकाबाईंना पाहताच रुख्मिणीनं तराजू खाली ठेवला.

"इथं नाई आली हो ती."

"मी तर अजून नावच नाई घेतलं कोणाचं."

रुख्मिणीचा चेहरा उतरला. "पोरीनं पाय धरले माहे. म्हणे, मायले तोंड दाखवता येत नाई. म्हटलं, दोन दिवस राहू दे, शांत झाली की मीच पोचवतो. बहिणीशी खोटं बोललो मी."

प्रेरणा टेकडीच्या अर्ध्या वाटेवर, दर्ग्याकडे जाणाऱ्या पायऱ्यांवर बसलेली होती. देवकाबाई धापा टाकत तिच्या शेजारी टेकल्या. आधी त्यांनी मंगळवारचं बोलून घेतलं.

"चुकलं माह्यं. मी हातातलं काम सोडाले पाह्यजे होतं."

प्रेरणानं नुसती मान हलवली.

मग देवकाबाईंनी तिला रजिस्टरची गोष्ट सांगितली. प्रेरणा ऐकत राहिली. निवड झाली होती, हे कळल्यावर तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं आणि बराच वेळ तशीच बसली. मुदत संपल्याचं देवकाबाईंना सांगावं लागलं, तेव्हा ती उठून चार पायऱ्या वर गेली आणि पुन्हा खाली आली.

"मायनं माह्या बारावीसाठी दोन वर्षं चष्मा नाई बदलवला, काकू. तिले काय सांगू, नाई झालं? अन् मी काही एकदाच नाई पाह्यलं. सोमवारी पाह्यलं, रातभर झोप नाई. म्हटलं, काही तरी गलती असन. मंगळवारी पुन्हा जाऊन पाह्यलं. तेच."

देवकाबाईंनी तिचा हात धरला.

"सोमवारी? सोमवारी किती वाजता पाह्यलं?"

"साडेतीनले. इंटरनेट कॅफेवाल्यानं रजिस्टरमध्ये टाइम लिहिला ना, माही सही बी हाय."

"अन् तेव्हा कथ्थई होतं?"

"कथ्थईच होतं."

देवकाबाई जिथल्या तिथं बसून राहिल्या. सव्वाचारपर्यंत त्या खोलीची किल्ली मिहिरच्या खिशात होती.

५

वर्ध्याला उतरल्यावर दोघी आधी बसस्टँडजवळच्या कॅफेत गेल्या. रजिस्टर होतं. सोमवार, आत ३.३०, बाहेर ३.४५, प्रेरणाची सही. तिथून देवकाबाईंनी तिला नालवाडीला तिच्या आईपाशी नेऊन सोडलं आणि दारातूनच परत फिरल्या. त्या दोघींमध्ये उभं राहायचा त्यांना हक्क वाटला नाही.

संध्याकाळी दुकान बंद ठेवून त्या आत एकट्याच विचार करत बसल्या.

साडेतीनला नाव कथ्थई होतं. चारला मिहिरनं ते मेंदी पाहिलं. मंगळवारी पुन्हा कथ्थई. कोणीतरी ते मध्येच अर्धा तास दुरुस्त करून परत बिघडवलं असेल? असं कोण करील आणि कशाला? म्हणजे रंग बदललाच नव्हता. पान टाकलं तेव्हापासूनच ते नाव कथ्थई होतं.

मग मिहिर खोटं बोलत होता? त्याला तर प्रेरणाही ठाऊक नव्हती आणि वेदश्रीशीही काही घेणं नव्हतं. मुद्दाम केलं असतं, तर चारला मी नीट तपासलं असं तो छातीठोकपणे लिहून कशाला देईल? तो खरंच तपासायला बसला असणार. चाळीस नावं नजरेखालून घातली असणार. आणि तरीही...

त्यांना तक्त्यावरची पेन्सिलीतली नावं आठवली. स्वतःच्या रोजच्या कामाच्या तक्त्यावर दुसऱ्याकडून रंगांची नावं कोण लिहून घेतं? रंग विचारल्यावर त्यानं नंबर सांगितला होता. आणि प्रत्येक नावापुढे शब्द हवेत, हा आग्रह त्याचाच होता.

सोमवारी सकाळी त्यांनी मिहिरला दुकानात बोलावून घेतलं. काउंटरवर रुबिया कापडाचे दोन ताके ठेवले होते.

"मिहिर, मले जरा वर हात पुरत नाई. तो मेंदी रंगाचा ताका त्या फळीवर ठेवून दे."

मिहिर पुढे झाला. त्यानं एका ताक्याला हात लावला, थांबला. दुसऱ्याची कड उलटून पाहिली, मग पहिल्याची.

"नंबर शोधून राह्यला काय?" देवकाबाई म्हणाल्या. "दोन्हीचे स्टिकर मी काढून टाकले."

मिहिरचा हात कापडावरच राहिला.

"यातला मेंदी कोणता हाय बाबू? एवढंच सांग. लहान लेकरू सांगीन."

तो खाली बसला. गिऱ्हाइकांच्या स्टुलावर, दोन्ही हात गुडघ्यांत घालून.

"मला दोन्ही सारखेच दिसतात, काकू."

६

तो सगळं बोलला. अठराव्या वर्षी रेल्वेची परीक्षा पास झाला होता. डोळ्यांच्या तपासणीत डॉक्टरनं ठिपक्याठिपक्यांचं पुस्तक पुढे धरलं. इतरांना त्यात आकडे दिसत होते, त्याला नुसते ठिपके. हिरवं, लाल, कथ्थई यातला फरक त्याला कळत नव्हता, आणि हे तोवर घरात कोणालाच माहीत नव्हतं. वडिलांनी नातेवाइकांना सांगितलं, लेखी परीक्षेत नापास झाला. तेव्हापासून बायको सोडून कोणाला सांगितलं नाही.

"कॉम्प्युटरमध्ये रंगाला नंबर असतो हे कळलं, तेव्हा मी रडलो होतो काकू. वाटलं, इथं मला कोणी पकडणार नाही."

"अन् सातवी ओळ?"

"सहावी ओळ निवड न झालेल्या मुलीची होती. तीच कॉपी करून खाली चिकटवली, नाव बदललं, नंबर बदलायचा राहिला. चारला तपासलं तेव्हा पानावर नुसते रंग होते. मला सगळं ठीक दिसलं."

"गेल्या सोमवारी तुले दिसलं नाई. मग कळलं कधी?"

मिहिरनं समोरच्या ताक्यांवरून नजर काढली.

"शुक्रवारी. मॅडमच्या खोलीतून परत गेलो, मागचा कोड उघडला. सातव्या ओळीत ९९६६०० होतं. मला कळलं, हे मीच केलंय. पण तोवर सगळे कृष्णकांत सरांकडे पाहत होते. मॅडम म्हणाल्या, तू तपासलं होतंस ना, लिहून दे. मी लिहून दिलं."

"पोरीचा पत्ता नव्हता तेव्हा."

"हो."

देवकाबाईंनी त्याला आणखी काही विचारलं नाही. रिक्षा बोलावली आणि दोघं विद्यालयात गेले. लीना मॅडमनी कृष्णकांतांनाही बोलावून घेतलं. मिहिरनं उभं राहून सगळं पुन्हा सांगितलं आणि नव्या कागदावर लिहून सही केली. मॅडमनी तो कागद वाचला, चष्मा काढला.

"कृष्णकांत, मी तुमची माफी मागते. तुम्ही उद्यापासून कामावर या."

"नका मागू," कृष्णकांत म्हणाले.

ते खुर्चीवरून उठले. "गेल्या सोमवारी पाच वाजता मी पान उघडलं ते वेदश्रीचं नाव पाहाले. कथ्थई होतं, बरोबर होतं. मग सहज मेंदीचे नावं मोजले. एकोणीस. यादी माह्याच हातानं लिहिली होती, वीस पाह्यजेत हे मले पाठ होतं. कोणतं नाव राह्यलं तेही लगेच दिसलं. म्हटलं, उद्या सांगतो. मंगळवारी म्हटलं, ती पोरगी ऑफिसात विचाराले येईनच, तेव्हा सांगतो. ती आली नाई. बुधवारी म्हटलं... गुरुवारी पाच वाजले, मॅडम, अन् मी घड्याळाकडे पाहत बसलतो. घरी जाऊन पोरीले पेढा भरवला."

बाहेर शिपाई घंटा देत होता.

लीना मॅडमनी त्याच दिवशी नागपूरच्या कार्यालयाला पत्र लिहिलं. चूक विद्यालयाची आहे, मुलीची नाही, तेव्हा एक जादा जागा द्यावी. पत्रात नावांपुढे शब्द न लिहिण्याचा आपला हट्टही त्यांनी नमूद केला. वेदश्रीला जेव्हा कळलं, तेव्हा ती गणवेश घेऊन मॅडमकडे आली आणि जागा सोडते म्हणाली. मॅडमनी सोडू दिली नाही. बापाशी ती मात्र कितीतरी दिवस बोलली नाही. कृष्णकांतांनी प्रवेशाचं काम कायमचं सोडलं. तीन आठवड्यांनी जादा जागेची मंजुरी आली.

७

मंजुरी आल्याच्या दुसऱ्या दिवशी मिहिर नालवाडीला गेला. देवकाबाई फॉलची साडी द्यायला म्हणून आधीच तिथं आल्या होत्या. त्याला दारात पाहून वच्छलाबाई उठून आत गेल्या.

प्रेरणा ओट्यावर बसून अर्जाचे कागद लावत होती. मिहिर उभाच राहिला. त्यानं आपल्या डोळ्यांबद्दल सांगितलं, रेल्वेच्या परीक्षेबद्दल सांगितलं, सहाव्या ओळीबद्दल सांगितलं. प्रेरणानं एकदाही त्याला मध्ये थांबवलं नाही.

"सोमवारचं मले समजलं, सर," शेवटी ती म्हणाली. "तुमाले रंग दिसत नव्हता. त्याच्यात तुमचा दोष नाई, असं मी मायलेबी सांगतलं."

मिहिरनं सुटकेचा श्वास घेतला असावा. देवकाबाईंना त्याचे खांदे थोडे खाली आलेले दिसले.

"पण शुक्रवारी तर नंबर दिसला होता ना?"

मिहिरनं तिच्याकडे पाहिलं. ती रागानं विचारत नव्हती. तिला खरंच उत्तर हवं होतं.

"दिसला होता," तो म्हणाला.

प्रेरणानं कागदांचा गठ्ठा गुडघ्यावर सारखा केला आणि फाइलीत घातला. आतून स्टोव्ह पेटल्याचा आवाज आला. मिहिर जायला वळला.

"बसा, सर," प्रेरणा म्हणाली. "मायनं चहा ठेवला."

तो ओट्याच्या कडेला, तिच्यापासून बराच लांब बसला. चहा आला तेव्हा त्यानं कप दोन्ही हातांनी धरला.